केडगावची दर्यावर्दी

माझ्या घरमालकीणबाईंना पोहता येत नव्हतं आणि त्यांच्या मालकीची एक शिडाची होडी होती. केडगावात आमच्या गल्लीत नळाला पाणी एक दिवसाआड यायचं आणि आलं तरी पाऊण तासात जायचं. अशा गल्लीत कुणाकडे होडी असणं हा शेजाऱ्यांना आपला अपमान वाटे. समोरच्या किराणा दुकानदाराने एकदा विचारलंही, "बाई, टँकर आला की त्यातच सोडता का होडी?" बाईंनी त्याला टँकरची लांबी विचारली, होडीची सांगितली, "नाही मावणार," म्हणाल्या आणि साबणाची वडी घेऊन घरी आल्या. तो थट्टा करत होता हे त्यांना कळलंच नव्हतं, की कळूनही त्यांनी उत्तर दिलं होतं, हे मला त्यांच्या घरी चार वर्षं राहूनही ठरवता आलं नाही.

त्यांना सगळे सिस्टर म्हणत. मिशनच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटर सांभाळून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांना दर रविवारी हौस येई आणि दर रविवारी तेच उत्तर मिळे: "ड्युटी होती." जणू सगळी स्थळं नेमकी रात्रपाळीलाच येत होती.

मी त्यांचा भाडेकरू. नगरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवत होतो. तासिका तत्त्व म्हणजे तासिका आपण घ्यायच्या आणि तत्त्व सरकारने सांभाळायचं. खोली बघायला गेलो तेव्हा जात, जेवण आणि लग्न या तीन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवून गेलो होतो, कारण पाण्याचा पेला पुढे करायच्या आधी घरमालक एवढं विचारतातच. सिस्टरांनी यातलं काही विचारलं नाही.

"काय शिकवता?"

"पदार्थविज्ञान."

"मग सांगा, बारा व्होल्टच्या बॅटरीतून प्लगला ठिणगी पडेल एवढा करंट कसा निघतो?"

मी उभ्याउभ्या दहा मिनिटं समजावलं. कॉइल, तिच्या आतली तारेची दोन वेटोळी, प्रवाह अचानक तुटला की काय होतं, सगळं. हवेत बोटाने आकृती काढली. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. असा श्रोता मला वर्गात कधी मिळाला नव्हता.

"बरोबर वाटतंय," त्या म्हणाल्या. "पॉइंट कधी बदललेत?"

"कसले पॉइंट?"

खोली मला त्याच दिवशी मिळाली. माझ्या ज्ञानामुळे मिळाली असा माझा बरेच दिवस समज होता. नंतर लक्षात आलं की त्यांना शिकवायला कोणीतरी हवं होतं, आणि काहीच येत नसलेला माणूस शिकवायला सोपा जातो.

पॉइंट म्हणजे काय ते सांगतो, कारण आता ते कुणाच्याच गाडीत नसतात. जुन्या पेट्रोल इंजिनाला डिस्ट्रिब्युटर नावाची एक वाटी असते. तिच्यावर झाकण, झाकणातून प्लगकडे जाणाऱ्या वायरी. आत धातूची दोन बारीक बटणं समोरासमोर असतात. इंजिन फिरलं की ती एकमेकांना टेकतात आणि सुटतात, आणि सुटली की दर वेळी एक ठिणगी पडते. सुटताना दोघांमध्ये नखाच्या जाडीएवढी फट पडायला हवी. फट कमी झाली की इंजिन खोकतं, आणि फट पडलीच नाही की ठिणगी नाही आणि इंजिनही नाही. बटणं ठिणगीने जळत राहतात, म्हणून मधूनमधून बदलावी लागतात. हा सगळा भाग मी वर्गात दोन तासांत शिकवायचो. खरे पॉइंट मात्र पहिल्यांदा पाहिले ते सिस्टरांच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, दवाखान्यातल्या स्टीलच्या किडनी ट्रेमध्ये. विद्यार्थ्यांना हे मी कळू दिलं नाही.

होडी त्यांच्या भावाची. तो मुंबईला होड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात फिटर होता. कुणीतरी सोडून दिलेली ही पंचवीस फुटी होडी त्याने भंगारातून घेतली होती. आतलं मूळ इंजिन ठेवलं, पण डिस्ट्रिब्युटर जुन्या जीपचा बसवला. निवृत्त होऊन तिच्यातून फिरायचा त्याचा बेत होता, पण निवृत्तीच्या आधीच तो गेला. पुतणे होडी फोडून विकायला निघाले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मला द्या." तोवर त्यांनी समुद्र दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा टॅक्सीतून. होडी ट्रेलरवर चढली आणि घाट चढून, पुणं मागे टाकून, राहुरीकडच्या धरणाच्या फुगवट्यावर येऊन पडली. वाटेत टोलनाक्यावरच्या माणसाने ती कशात मोडते यावर बराच विचार केला आणि शेवटी ट्रॅक्टरमध्ये मोडली.

होडी पाण्यात सोडायच्या दिवशी पाळकसाहेबांना प्रार्थनेसाठी बोलावलं होतं. त्यांनी काठावरून प्रार्थना केली आणि ती इतकी लांबवली की होडीत बसायला वेळच उरला नाही.

दर रविवारी उपासना आटोपली की सिस्टर पांढऱ्या साडीवरच भावाचा निळा डगला चढवत आणि स्कूटर काढत. मागे मी, माझ्या मांडीवर पेट्रोलचा कॅन. चाळीसच्या वर त्या कधी गेल्या नाहीत. मनमाड रोडवर उसाच्या बैलगाड्यांनी आम्हाला मागे टाकलेलं नाही, एवढंच अभिमानाने सांगू शकतो. धरणावर बबन होडीची राखण करी. बबन मासेमारी करणारा, पन्नाशीचा गडी. स्वतः थर्माकोलच्या तराफ्यावर बसून सगळं धरण पालथं घालायचा, त्यामुळे आमच्या होडीबद्दल त्याला फारसा आदर नव्हता.

"सिस्टर, इंजनाला एवढं काय न्हानीघरात नेल्यावानी करता? माजा तराफा बगा. त्याला ना प्लग, ना पाना. हात हालवला की चालला."

"हात दुखला की?" सिस्टर विचारत.

"मंग बसायचं जरा."

"माझं इंजिन बसत नाही," त्या म्हणत. हे बहुतेक वेळा खोटं असे.

इंजिन चालू करायच्या आधी त्या लाकडी झाकण उघडून पाच मिनिटं उघडं ठेवत. मग वाकून आत वास घेत आणि मलाही घ्यायला लावत. पेट्रोलची वाफ आत कोंडलेली असली आणि तिच्यावर एक ठिणगी पडली, तर होडी, प्राध्यापक आणि पुढचा तास असं सगळंच एकदम रद्द होणार होतं. "वास?" त्या विचारत. "नाही," मी म्हणायचं. त्याशिवाय किल्ली फिरत नसे.

पॉइंट बदलायचे असले म्हणजे तर शस्त्रक्रियाच. आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. ट्रेमध्ये हिरवं फडकं, त्यावर स्क्रू ड्रायव्हर, फट मोजायची पोलादी पट्टी, कापूस, ग्रीसची डबी, सगळं ठरलेल्या क्रमाने. त्या हात पुढे करत आणि मान न वळवता म्हणत, "पट्टी." मी पट्टी हातावर ठेवायची, ठेवताना आवाज झाला पाहिजे. हळू ठेवली तर त्या म्हणत, "प्रोफेसर, दिली की नाही ते मला बघावं लागता कामा नये." आणि झाकण लावायच्या आधी मोजणी. पेशंटच्या पोटात कात्री राहू नये म्हणून थिएटरमध्ये मोजतात, तशी.

"स्क्रू?"

"दोन."

"वॉशर?"

"दोन."

"घट्ट?"

इथे मी स्वतः स्क्रू ड्रायव्हर लावून बघायचं आणि मगच "घट्ट" म्हणायचं. आधी म्हटलं तर मोजणी पहिल्यापासून. इंजिनाचा केस पेपरही होता. त्यात तारीख, तक्रार आणि उपचार. एका पानावर मी स्वतः वाचलं आहे: "सकाळी खोकला. पॉइंट पुसले. दुपारी आराम."

मला हे सगळं हास्यास्पद वाटे. मी पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस होतो आणि दोन स्क्रू मोजायला मला दुसरा माणूस लागत नव्हता.

मग नोटीस आली. धरणावरच्या सगळ्या होड्यांनी परवाना काढावा, तपासणीत नापास होईल ती होडी महिन्याभरात पाण्याबाहेर न्यावी. बबनच्या तराफ्याला नोटीस आली नाही, कारण थर्माकोलला होडी म्हणायचं की नाही याचा निर्णय वर प्रलंबित होता. सिस्टरांनी रीतसर अर्ज केला आणि तपासणीचा दिवस ठरला. रविवार. परवाना देणारे साहेब स्वतः येणार होते.

आदल्या दिवशी, शनिवारी, सिस्टरांना तिसगावला जावं लागलं. चुलतबहीण वारली होती. जाताना एसटीच्या पायरीवरून त्या म्हणाल्या, "नवे पॉइंट आणून ठेवले आहेत. उद्या लवकर जाऊन मी बसवेन. तुम्ही हात लावू नका."

एखाद्या सुशिक्षित माणसाला असं सांगणं ही मोठी चूक असते. बस दिसेनाशी झाल्यावर मी पॉइंट, पट्टी आणि ड्रायव्हर घेतला, स्कूटर काढली आणि धरण गाठलं. दमलेल्या बाईला आयतं तयार इंजिन द्यावं, एवढाच माझा हेतू होता, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण असं की कोपरापर्यंत हात न धुता आणि मोजणीचा मंत्र न म्हणता हे काम होतं, हे मला दाखवून द्यायचं होतं.

आणि झालं. जुने काढले, नवे बसवले, पट्टी घालून फट लावली. अगदी पुस्तकातल्यासारखी. तेवढ्यात फोन वाजला. प्राचार्य होते. सोमवारच्या एका जादा तासाबद्दल ते बोलत राहिले आणि मी "हो सर, हो सर" करत राहिलो. फोन ठेवून मी झाकण लावलं, पट्टी खिशात टाकली आणि किल्ली फिरवली. इंजिन एका दमात चालू झालं. बबन काठावरून म्हणाला, "आज सिस्टर न्हाईत तर लई गुणी झालं की." मी त्याच्याकडे बघून हात हलवला. मंत्री हलवतात तसा.

संध्याकाळी सिस्टर परत आल्यावर मी सांगितलं की पॉइंट बसवले, इंजिन झकास आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मोजणी केलीत?"

"केली," मी म्हणालो.

त्या दिवसभर मयताच्या घरी उभ्या होत्या. "बरं," म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

रविवारी साहेब वेळेवर आले. यानेच मी जरा बिचकलो. मध्यम वयाचे, सभ्य, हातात फाईल. होडीत चार लाइफ जॅकेट होती. त्यातलं एक त्यांनी घातलं आणि दुसऱ्यावर ते बसले. सिस्टरांनी इंजिनाचं झाकण उघडून त्यांना वाकायला लावलं.

"वास?"

"कसला वास?" साहेबांनी विचारलं.

"येतोय का ते सांगा."

साहेबांनी वास घेतला आणि "नाही" म्हणाले. फाईलमध्ये याचा रकाना नव्हता, त्यामुळे ते थोडे अस्वस्थ झाले.

निघालो. वारा पडलेला होता, शीड गुंडाळूनच ठेवलं होतं. धरण उतरत चाललं होतं आणि पलीकडच्या अंगाला बुडालेल्या बाभळींचे शेंडे पाण्याबाहेर आले होते. अर्धं धरण ओलांडल्यावर इंजिन एकदा खोकलं. सिस्टरांची मान वळली. दुसऱ्यांदा खोकलं, मागून बंदुकीसारखा एक आवाज निघाला आणि इंजिन बंद पडलं. धरणावर इतकी शांतता पसरली की साहेबांच्या फाईलचं पान उलटलेलं ऐकू आलं.

पाण्याच्या हलक्या ओढीने होडी बाभळींकडे सरकू लागली. पुरुषभर उंचीची काळी खोडं, टोकं भाल्यासारखी. शीड उभारून वळायला आता जागा नव्हती आणि वाराही नव्हता. साहेबांनी बसायला घेतलेलं दुसरं जॅकेटही छातीशी धरलं.

सिस्टरांनी झाकण उघडलं, वास घेतला, डिस्ट्रिब्युटर उघडला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. पॉइंट पकडून ठेवणारा स्क्रू दोन आटे वर आला होता. इंजिनाच्या थरथरीने पॉइंट सरकले होते, फट पूर्ण मिटली होती. म्हणजे फोन आला तेव्हा मी फट लावली होती, स्क्रू आवळायचा राहिला होता. हे बघायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नव्हती. दोन स्क्रू मोजणारं कोणीतरी लागत होतं.

सिस्टरांनी मान न वळवता हात पुढे केला. "पट्टी."

पट्टी माझ्या दुसऱ्या पँटच्या खिशात होती, आणि पँट केडगावात दोरीवर वाळत होती. हातावर काही पडलं नाही तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग त्या साहेबांकडे वळल्या.

"साहेब, तुमचं कार्ड आहे का?"

साहेबांना वाटलं, बाईंना त्यांचा नंबर हवाय. एवढ्या संकटातही त्यांनी पाकिटातून कार्ड काढून ते दोन्ही हातांनी दिलं. सिस्टरांनी ते दोन बोटांत चोळून जाडी बघितली.

"जरा जाड आहे. चालेल. प्रोफेसर, हँडल फिरवा. हळू. अजून. थांबा."

पॉइंट पूर्ण उघडतात त्या जागी मी इंजिन धरून ठेवलं. त्यांनी साहेबांचं नाव, हुद्दा आणि शिक्षण दोन बटणांच्या मध्ये सरकवलं, पॉइंट त्याच्यावर टेकवले, स्क्रू आवळला आणि कार्ड ओढून काढलं. त्या कार्डाचा जनतेला थेट उपयोग होण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी. पहिली बाभूळ होडीच्या कडेला घासत होती.

"स्क्रू?"

"दोन," मी म्हणालो.

"वॉशर?"

"दोन."

"सिस्टर, झाडं," साहेब म्हणाले.

"घट्ट?" सिस्टर म्हणाल्या.

मी ड्रायव्हर लावून बघितला. "घट्ट."

इंजिन तिसऱ्या प्रयत्नात चालू झालं. मागे घेताना कडेची एक फळी चांगलीच सोलून निघाली, पण आम्ही सुटलो. काठाला लागलो. उतरल्यावर साहेबांनी तेलाचा डाग पडलेलं कार्ड खिशात घातलं आणि फाईल उघडली.

"ते काय म्हणता तुम्ही, पॉइंट. ते कोणी बसवले होते?"

मी तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. त्यातून काही बाहेर पडलं नाही, हेही आठवतं.

"मी," सिस्टर म्हणाल्या.

"आणि स्क्रू घट्ट केला नव्हता?"

"राहून गेला."

साहेबांनी लिहिलं. मोठ्याने वाचून दाखवलं, कारण नियम तसा होता: मालकाचे वय पाहता देखभालीत निष्काळजीपणा आढळला, सबब परवाना नाकारण्यात येत आहे. सिस्टरांनी खाली सही केली. अख्खी नोकरी ज्यांच्या हातून पोटात बोळा राहिला नाही, त्यांनी "निष्काळजीपणा" या शब्दाखाली स्वच्छ, वळणदार सही केली. मी शेजारी उभा राहून पेनाचं टोपण धरलं होतं.

येताना स्कूटरवर मी त्यांच्या पाठीकडे बघत बसलो. घरी आल्यावर फळी सोलली गेल्याचं त्यांनी केस पेपरवर लिहिलं. कारणाच्या जागी काही लिहिलं नाही.

सोमवारी सकाळी मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. त्या अंगणात बसून होडीवर घालायची ताडपत्री शिवत होत्या. आता होडी उन्हात राहणार होती, म्हणून.

"सिस्टर, मोजणी मी केली नव्हती."

"माहीत आहे."

"मग साहेबांना तुम्ही..."

"रक्त वाहत असताना कोणी कापलं ते विचारत बसत नाहीत. आधी बंद करतात."

"पण काठावर आल्यावर तर रक्त बंद झालं होतं."

त्यांनी दाताने दोरा तोडला. "हो. म्हणून मी थोडी थांबले होते. तुम्ही बोललाच नाहीत. साहेब ताटकळले होते, कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं."

यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी भाडं थकवलं असतं तरी त्या याच आवाजात बोलल्या असत्या.

त्याच दिवशी कॉलेज बुडवून मी साहेबांच्या ऑफिसात गेलो. स्क्रू सैल ठेवल्याची कबुली द्यायला आलेला मी त्यांच्या कारकिर्दीतला पहिलाच इसम असावा. त्यांनी आधी मला कोणी धमकावलंय का ते विचारलं. मग असा अर्ज कुठल्या सदराखाली घ्यायचा, यावर दोन कारकुनांशी चर्चा झाली. शेवटी तो "तक्रार" या सदराखाली घ्यायचं ठरलं. तक्रारदार मी आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तोही मी. मी तीन प्रतींत लिहून दिलं की खाली सही करणार, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, याने मालकाने मनाई केली असताना डिस्ट्रिब्युटरला हात लावला, स्क्रू आवळला नाही आणि मालकाशी खोटं बोलला. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"हे कॉलेजला कळलं तर?"

"कळेल," मी म्हणालो. त्यांच्या एका कारकुनाचा मुलगा माझ्याच वर्गात होता.

गुरुवारी मी कॉइलवर शिकवत असताना शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, स्क्रू घट्ट केला नाही तर काय होतं?" सगळा वर्ग वह्यांत डोकं घालून बसला होता. मी सांगितलं. बाभळींसकट सगळं सांगितलं. त्या वर्षी तो धडा त्यांना जितका समजला तितका आधीच्या कुठल्याच वर्षी समजला नव्हता, आणि पुढच्या सहा महिन्यांत मला "पॉइंटसर" हे नाव पडलं.

साहेबांनी फेरतपासणी लावली. माणूस सभ्य होता, हे मी आधीच सांगितलं आहे. या वेळी सिस्टर नुसत्या बसून राहिल्या. मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, पॉइंट माझ्याकडून काढवले, पुन्हा माझ्याकडूनच बसवून घेतले, आणि मोजणी साहेबांना करायला सांगितली. साहेबांनी खणखणीत आवाजात "घट्ट?" विचारलं. ते त्यांना इतकं आवडलं की त्यांनी पुन्हा विचारलं.

परवाना मिळाला. फॉर्मात होडीच्या वापराचे तीनच रकाने होते: मासेमारी, वाळू, प्रवासी वाहतूक. नुसतं फिरण्यासाठी होडी ठेवणारा माणूस फॉर्म करणाऱ्याच्या कल्पनेत नव्हता. साहेबांनी मासेमारीवर खूण केली. कागदावर खोटं राहू नये म्हणून सिस्टरांनी बबनकडून एक फाटकं जाळं घेतलं आणि दर रविवारी ते एकदा पाण्यात टाकू लागल्या. वर्षभरात एक मासा लागला. त्यांनी त्याचे कल्ले तपासले, "बरा आहे," म्हणाल्या आणि सोडून दिला. बबन दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

पुढे मी शिर्डीजवळच्या एका कॉलेजात कायम झालो. पगार वेळेवर मिळू लागला आणि रविवार मोकळे राहू लागले. दोन्हींची सवय व्हायला वेळ लागला. मी अधूनमधून धरणावर जाई. सिस्टरांचे गुडघे गेले होते. होडी त्यांनी बबनला देऊन टाकली, पण केस पेपर आठवड्याला फोनवर भरून घेत. जीपचे पॉइंट विकणाऱ्या दुकानदाराने मग धंदाच बदलला. शेवटचा जोडही जळाला तेव्हा बबनने मला विचारलं, "पॉइंटसर, काय करू? म्या तर शेतातलं पंपाचं डिझेल इंजन बसवायचं म्हणतो. त्याला पॉइंटच नसत्यात."

मी म्हणालो, "बसव."

हे सिस्टरांना सांगायचं राहिलं. म्हणजे मी राहू दिलं. त्या दिवाळीत त्या न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला, आणि ज्या दवाखान्यात त्यांनी आयुष्य काढलं होतं तिथेच पेशंट म्हणून दाखल झाल्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्या एका शिकाऊ नर्सला सलाइनचे थेंब मोजायला लावत होत्या. ती पोरगी दुसऱ्यांदा मोजत होती आणि रडकुंडीला आली होती.

ती गेल्यावर मी खुर्ची ओढली आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं.

"सिस्टर, बबनने जुनं इंजिन काढलं. डिझेल बसवलंय. मीच सांगितलं त्याला. विचारायला हवं होतं, नाही विचारलं."

त्या छताकडे बघत पडून राहिल्या. त्यांचा भाऊ त्या इंजिनावर किती वर्षं खपला होता ते मला माहीत होतं. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभाच होतो.

"चालतंय?" त्यांनी विचारलं.

"चालतंय. बबनने मोबाईलवर पाठवलंय."

"लावा."

मी मोबाईल त्यांच्या उशीवर ठेवला. चित्र त्यांनी बघितलंच नाही, डोळे मिटून घेतले. खोलीभर डिझेलचा ठोका घुमला, मधून बबनचा ओरडा, मागे पाणी. संपल्यावर म्हणाल्या, "पुन्हा." दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचं बोट चादरीवर ठोक्याबरोबर हलत होतं.

"आमच्या थिएटरच्या मागे डिझेलचा जनरेटर होता," त्या म्हणाल्या. "लाइट गेली की सगळं ऑपरेशन त्याच्या आवाजावर. डॉक्टर पोटात बघायचे, मी त्याच्याकडे कान लावायचे." मग डोळे उघडून माझ्याकडे वळल्या. "याचं नोझल टपकतंय, प्रोफेसर. रविवारी जाऊन बघा. आणि उभे का आहात, बसा."

मी बसलो. रविवारी धरणावर गेलो, बबनला डिझेल फवारणारं नोझल काढायला लावलं. टपकत होतं.